मानसशास्त्र शिकायला निघालेल्या भाचीला

अगं, पुस्तकातलं विकारांचं प्रकरण शेवटी वाच. तू ते सगळ्यात आधी उघडणार हे मला ठाऊक आहे, सगळेच तसं करतात. मग रात्री वाचलेला आजार सकाळी घरात कुणाला तरी झालेला दिसतो. बाबा झोपताना कुलूप दोनदा ओढून बघतात, म्हणजे त्यांना मंत्रचळ. आजी लग्नात चार बायकांत न बसता आतल्या खोलीत जाऊन पडते, म्हणजे तिला नैराश्य. धाकटा सकाळी हसतो नि दुपारी चिडतो, म्हणजे तो बायपोलर. तुझी आई फोनवर हेच सांगत होती. पहिल्या वर्षी हे होतंच, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण ही सवय पहिल्या वर्षातच मोडायला हवी. पुढे ती अंगवळणी पडते आणि मग तशी सवय असलेला माणूस पेशंटला नुसता भोवतो.

मी सरकारी इस्पितळाच्या मनोविकार विभागात सामाजिक कार्यकर्ती म्हणून नोकरी केली. डॉक्टर गोळ्या लिहून देत, आणि घर, पैसा, नातेवाईक, गाव हे सगळं माझ्या टेबलावर येई. एका शब्दाने माणसाला सुटल्यासारखं वाटतं हे मी तिथे पाहिलं, आणि तसल्याच एका शब्दाखाली माणूस जन्मभर दबून राहिलेलाही पाहिला. म्हणून तुला सांगायचं ते इतकंच, की या शास्त्रातली नावं पुढचा प्रश्न सुचावा म्हणून आहेत. नाव दिलं आणि चौकशी थांबली, तर ते फार लवकर दिलं असं समज.

व्यक्तिमत्त्वाचं प्रकरण आधी घे, आणि त्यातही बर्ट्रम फोरर यांचा १९४८ सालचा प्रयोग. या अमेरिकन प्राध्यापकांनी वर्गातल्या मुलांची चाचणी घेतली आणि काही दिवसांनी प्रत्येकाच्या हातात त्याच्या स्वभावाचं वर्णन ठेवलं. लोकांनी मानावं असं तुम्हाला वाटतं, कधी चारचौघांत मोकळे असता तर कधी मिटून जाता, अशा धाटणीचं ते वर्णन होतं. ते किती जुळतं याला पाचपैकी गुण द्यायला सांगितल्यावर सरासरी ४.२६ निघाली. मग कळलं, की वर्गातल्या सगळ्यांना एकच कागद मिळाला होता आणि त्यातली वाक्यं फोरर यांनी बाजारातल्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचलली होती. इंटरनेटवर दहा प्रश्नांत तुझा स्वभाव सांगणारी चाचणी दिसली आणि ती वाचून ‘अय्या, अगदी मीच!’ असं तोंडातून निघालं, की थांबायचं. तो परिच्छेद शेजारच्या काकूंना वाचून दाखवायचा. त्यांनाही तो आपलाच वाटला, तर त्यात तुझं काही नव्हतं.

आपल्या पुण्यात याच्याशी नातं सांगणारं काम झालं आहे, ते तुझ्या पुस्तकात बहुतेक नसेल. २००८ साली जयंत नारळीकरांनी नरेंद्र दाभोलकर, प्रकाश घाटपांडे आणि संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे यांना सोबत घेऊन फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या कुंडल्या एकत्र मिसळल्या. प्रत्येक ज्योतिष्याला चाळीस कुंडल्या पाठवल्या आणि कोणती कुठल्या गटातली ते विचारलं. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांचं प्रमाण सरासरी ४६ टक्के आलं, म्हणजे नाणं उडवून मिळालं असतं तेवढंही नाही. ज्योतिषावर वाद घालायला हे सांगत नाही. एखादी गोष्ट तपासायची तर उत्तर आधी झाकून ठेवायचं, मग विचारायचं, आणि चुकलेलं बरोबर आलेल्याइतक्याच प्रामाणिकपणे मोजायचं. ही शिस्त तुला पुढे स्वतःच्या अंदाजांनाही लावायची आहे.

आता खऱ्या मोजमापाबद्दल. १९३६ मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी इंग्रजी शब्दकोश चाळून माणसाचं वर्णन करणारे जवळजवळ अठरा हजार शब्द काढले. पुढच्या पिढ्यांनी ते गाळत गाळत पाच मोठ्या गुणांवर आणले: नव्याची ओढ, शिस्त आणि नेट, माणसांत रमणं, दुसऱ्याशी जुळवून घेणं, आणि मन चटकन अस्वस्थ होणं. हे पाच गुण कमीअधिक प्रमाणात सगळ्यांत असतात आणि बहुतेक माणसं मधेच कुठेतरी असतात. म्हणून ‘तो अंतर्मुख आहे’ असं म्हणण्यापेक्षा ‘तो बहुतेकांपेक्षा जरा कमी बोलतो’ हे जास्त खरं असतं. कंपन्यांतून चार अक्षरांत माणूस बसवणारी एक चाचणी फार चालते. तीच चाचणी काही आठवड्यांनी पुन्हा घेतली तर बऱ्याच जणांची अक्षरं बदलतात. कुणाची नोकरी त्या चार अक्षरांवर ठरू नये असं मला मनापासून वाटतं.

आणि वॉल्टर मिशेल यांना विसरू नकोस. त्यांनी १९६८ साली दाखवून दिलं, की स्वभाव मोजून एखाद्या प्रसंगी माणूस कसा वागेल हे आपण समजतो तेवढं सांगता येत नाही. पुढे उन्हाळी शिबिरातल्या मुलांना तासन्‌तास न्याहाळल्यावर दिसलं, की एक मूल बरोबरीच्या मुलांनी चिडवलं की हात उगारतं, पण मोठ्यांनी रागावलं की गप्प राहतं. दुसऱ्या मुलाचं नेमकं उलटं. ‘मारकुटं’ हा एकच शब्द दोघांनाही लागला असता, आणि दोघांच्याही बाबतीत तो अपुरा पडला असता. माझ्या ओपीडीत नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांना मी यावरून एक नियम घालून द्यायचे: केस पेपरवर विशेषण लिहायचं नाही, क्रियापद लिहायचं. ‘आक्रमक’ नको. ‘आईने पैसे नाहीत म्हटलं की ताट भिरकावतो, मामा घरात असला की नाही’ असं लिहायचं. पहिल्या शब्दावर काही करता येत नाही. दुसऱ्या वाक्यात मामा सापडतो, पैसे सापडतात, आणि पुढच्या वेळी कुणाला सोबत घेऊन या असं सांगायचं तेही सापडतं. हा नियम तू घरातही पाळून बघ, भांडणं निम्म्यावर येतील.

सामाजिक वर्तनाचं प्रकरण मात्र सावकाश वाच. ते मला सगळ्यांत जवळचं आहे, कारण आपल्या रोजच्या जगण्यात सगळ्यात जास्त उपयोगी तेच पडतं.

स्टॅन्ली मिल्ग्रम यांचा येल विद्यापीठातला विजेच्या झटक्यांचा प्रयोग तुला सगळे सांगतील. समोरचा ओरडत असतानाही, करड्या कोटातल्या माणसाने ‘पुढे चालू ठेवा’ म्हटल्यावर, चाळीसपैकी सव्वीस माणसं शेवटच्या ४५० व्होल्टच्या बटणापर्यंत गेली. झटके खोटे होते, ओरडणारा नट होता, पण बटण दाबणाऱ्याला ते माहीत नव्हतं. फार तर हजारात एखादा शेवटपर्यंत जाईल असा अंदाज मनोविकारतज्ज्ञांनी आधी दिला होता. हे ऐकून वर्गात उसासे निघतात आणि मुलं ‘माणूस मुळात दुष्टच’ असं म्हणत घरी जातात. तू तशी जाऊ नकोस. मिल्ग्रम यांनी मांडणी बदलून बदलून हा प्रयोग पुन्हा पुन्हा केला, खरं शिक्षण त्यात आहे. हुकूम देणारा खोलीत न थांबता फोनवरून सांगू लागला, तेव्हा शेवटपर्यंत जाणारे पाचात एकावर आले. आणि शेजारी बसलेल्या दोन जोडीदारांनी ‘आम्ही नाही करणार’ म्हटलं, तेव्हा चाळीसपैकी फक्त चार जण शेवटपर्यंत गेले. माणसं तशीच, गाव तेच. शेजारचा काय करतो एवढंच बदललं.

सॉलोमन अ‍ॅश यांच्या रेषांच्या प्रयोगातही हेच दिसतं. तीन रेषांपैकी कुठली नमुन्याएवढी हे शाळकरी मुलालाही कळावं. पण आधीच्या सगळ्यांनी ठरवून चुकीची रेष सांगितली की प्रयोगातला खरा माणूस सुमारे एक तृतीयांश वेळा तीच चुकीची रेष सांगायचा. गटातल्या एका माणसाने बरोबर उत्तर दिलं, की ही मान डोलावणी एकदम घसरायची. तेव्हा वसतिगृहात रॅगिंग चालू असेल, ऑफिसच्या बैठकीत कुणावर अन्याय होत असेल, घरात सगळे मिळून एखाद्या सुनेला बोलत असतील, तर मोठं भाषण करायची गरज नाही. ‘मला हे पटत नाही’ एवढं स्पष्ट, ऐकू जाईल असं म्हण. तुझ्यासारखंच वाटणारं कुणीतरी तिथे गप्प बसलेलं असतं आणि त्याला तेवढंच हवं असतं.

गर्दीत मदत कशी मागायची तेही शिकून ठेव. जॉन डार्ली आणि बिब लाटाने यांनी १९६८ साली दाखवलं, की दुसऱ्या खोलीतल्या माणसाला फिट आल्याचं एकट्यालाच ऐकू येतंय असं वाटलं तर ८५ टक्के लोक लगेच उठतात. आणखी चौघं ऐकताहेत असं वाटलं तर फक्त ३१ टक्के. इतरांना काळीज नसतं असं मुळीच नाही, प्रत्येकाला वाटतं की कुणीतरी गेलंच असेल. म्हणून दादर स्टेशनच्या पुलावर कुणी कोसळलं तर ‘अहो, कुणीतरी मदत करा’ असं ओरडू नकोस. एका माणसाकडे बोट करून सांग, ‘निळ्या शर्टातले दादा, तुम्ही १०८ ला फोन लावा. काकू, तुम्ही यांचं डोकं धरा.’ नेमून दिलेलं काम माणसं झटकन करतात. याच प्रकरणात न्यूयॉर्कच्या किटी जिनोव्हीज या तरुणीच्या १९६४ मधल्या खुनाची गोष्ट येईल, अडतीस जणांनी बघितलं आणि कुणी हाललं नाही अशी. ती वर्तमानपत्राने फुगवलेली होती, हे आता सिद्ध झालं आहे. स्टॅनफर्डच्या तुरुंगाचा प्रयोगही जपून वाच. पहारेकऱ्यांनी कडक वागावं असं त्यांना सुचवलं गेलं होतं, हे नंतर उघड झालं.

एक आपल्या देशातलं काम मात्र तुला कुणी सांगणार नाही, ते मी सांगते. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये भयंकर भूकंप झाला. त्यानंतर लोकांत पसरलेल्या अफवा जमुना प्रसाद या मानसशास्त्रज्ञांनी टिपून ठेवल्या. जिथे धक्का बसला पण पडझड झाली नाही, तिथे याहून मोठं संकट येणार अशा अफवांना ऊत आला होता. पुढे लिऑन फेस्टिंजर या अमेरिकन संशोधकांच्या वाचनात हे आलं आणि त्यांना कोडं पडलं: वाचलेल्या माणसांनी स्वतःला आणखी घाबरवणाऱ्या गोष्टी का पसरवाव्यात? त्यांनी लावलेला अर्थ असा, की माणसं आधीच घाबरलेली होती. डोळ्यांसमोर घाबरण्यासारखं काही नव्हतं, आणि भीतीला कारण हवं म्हणून त्यांनी ते तयार केलं. मनातल्या दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नसल्या की माणूस त्यातली एक वाकवतो, या त्यांच्या १९५७ च्या सिद्धान्ताला याच कोड्याने चालना दिली. म्हणजे जगभरच्या पाठ्यपुस्तकांतल्या त्या प्रकरणाचा एक धागा बिहारमधून गेला आहे.

हे मी एवढं लांबवून का सांगते? १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आली या मोबाइलवरच्या अफवेपायी, भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने मारून टाकलं. अफवा खोटी आहे असं सांगणारे संदेशही तेव्हा फिरत होते. भीती जिथल्या तिथे राहिली तर नुसत्या खुलाशाने फार काही होत नाही. घरात कुणी घाबरवणारा संदेश वाचून दाखवला, तर ‘काहीतरीच काय’ म्हणून झटकू नकोस. ‘तुम्हाला नक्की कशाची धास्ती वाटतेय?’ असं आधी विचार. आजोबांना बँक बुडण्याची भीती असते, काकूंना शाळेतून मुलगी वेळेवर येईल ना याची. त्या धास्तीवर काही करता आलं, तर संदेश पुढे पाठवायची निकड आपोआप कमी होते.

आता विकार. कुठल्याही नावाआधी तीन गोष्टी विचारायच्या: किती दिवस, किती त्रास, आणि काय काय बंद पडलं. नैराश्याचं निदान करताना ठरावीक नऊ लक्षणांपैकी निदान पाच, दिवसाचा बराचसा वेळ, किमान दोन आठवडे असावी लागतात, आणि त्यांत उदास वाटणं किंवा कशातच गोडी न वाटणं यांपैकी एक हवंच. परीक्षेनंतरचे चार रडके दिवस त्यात बसत नाहीत. पण आपल्याकडे माणूस ‘मी उदास आहे’ असं म्हणत येत नाही, हे लक्षात ठेव. तो म्हणतो, अंगात त्राण नाही, डोकं जड राहतं, छातीत धडधडतं, अन्नाची वासना गेली. बाई म्हणते, कामात हात चालत नाही. अशा वेळी झोपेपासून सुरुवात कर. पहाटे किती वाजता जाग येते हे विचारण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही, आणि त्या एका प्रश्नावर पुढचं दार उघडतं. थायरॉइड, रक्तातलं हिमोग्लोबिन, बी-१२ हे तपासलं का, तेही विचार. शरीराच्या आजाराला मनाचा म्हणून वर्षभर समुपदेशन करत बसणं हा त्या माणसावर अन्याय आहे.

स्किझोफ्रेनिया म्हणजे दोन व्यक्तिमत्त्वं नव्हे. सिनेमांनी ही समजूत इतकी पक्की केली आहे की शिकलेले लोकही तसंच बोलतात. त्या आजारात भास होतात, संशय पक्का होऊन बसतो, विचारांची साखळी तुटते, आणि हळूहळू माणूस कशातच मन घालेनासा होतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००४ चा ‘देवराई’ बघ. अतुल कुलकर्णींनी त्यात तो आजार असलेला शेष उभा केला आहे, आणि बहिणीची ओढाताणही त्यात आहे, जी पुस्तकात नसते. अशा माणसाशी बोलताना त्याचा संशय खोडायचा नाही आणि त्याला होकारही द्यायचा नाही. ‘तुला आवाज येतात हे मला कळतंय. मला ते ऐकू येत नाहीत. पण ते ऐकून किती भीती वाटत असेल,’ एवढं म्हणायचं. वाद घातलास तर तू शत्रूच्या बाजूची ठरशील, मान डोलावलीस तर पुढच्या वेळी पुरावा म्हणून तुझंच नाव येईल.

नातेवाइकांशी बोलणं हा माझ्या कामाचा मोठा भाग होता आणि त्यात एक संशोधन मला जन्मभर पुरलं. लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन यांना दिसलं, की इस्पितळातून बरे होऊन घरी गेलेले काही पेशंट लवकर परत येतात. ज्यांच्या घरात सतत टोचून बोललं जातं, राग काढला जातो किंवा काळजीपोटी श्वासही मोकळा घेऊ दिला जात नाही, त्यांचा आजार जास्त वेळा उलटतो. पुढे चंडीगडमध्ये हेच तपासलं तेव्हा तिथल्या कुटुंबांत असं बोलणं लंडनपेक्षा कमी आढळलं. घरच्यांमुळे आजार होतो असा याचा अर्थ काढू नकोस, आईवडिलांना तो दोष आधीच फार दिला गेला आहे. अर्थ इतकाच, की गोळ्यांच्या जोडीने घरातला आवाजही सांभाळावा लागतो. मी आयांना सांगायचे, जेवायला एकदाच हाक मारा, आणि नाही आला तर ताट झाकून ठेवा. अंघोळीवरून दिवसाची सुरुवात करू नका. आळशी म्हणू नका, हा आजाराचा भाग आहे. ऐकायला किरकोळ वाटतं, पण महिनाभराने तीच आई जरा झोप घेऊन आलेली दिसायची.

‘बाहेरचं बघून आलो’ असं कुणी म्हणालं तर कपाळाला आठी घालू नकोस. इस्पितळात येण्याआधी बहुतेक घरं देवऋषी, दर्गा, मांत्रिक असं फिरून आलेली असतात आणि तुझ्या चेहऱ्याकडे बघून ती ठरवतात की पुढचं सांगायचं की नाही. काय सांगितलं त्यांनी, खर्च किती झाला, बरं वाटलं का, असं विचार. दर्शनाला जायचं तर जाऊ दे, फक्त गोळ्या चालू ठेवून. मात्र मारहाण, चटके, साखळीने बांधणं यात तडजोड नाही. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, तो शांतपणे पण ठामपणे सांगायचा.

आणि मरणाबद्दल विचारायला घाबरू नकोस. कुणाच्या बोलण्यात ‘आता काय उरलंय’, ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास’ असं आलं, तर सरळ विचार: ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही; उलट इतके दिवस एकट्याने वाहिलेलं कुणीतरी हातात घेतलं असं वाटतं. उत्तर हो आलं तर एकटं सोडायचं नाही, ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही, आणि घरात काय ठेवलं आहे ते बघायचं. शेतकऱ्याच्या घरी फवारणीचं औषध कुलपात आणि किल्ली दुसऱ्याकडे, एवढ्यानेही जीव वाचतो, कारण तो असह्य क्षण बहुतेकदा ओसरतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरलं आहे आणि त्याला शिक्षा करू नये असं म्हटलं आहे. लोक पोलिसांच्या भीतीने पेशंटला दवाखान्यात न्यायला उशीर करतात, त्यांना हे सांग. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे आणि तो तुझ्या फोनमध्ये असलाच पाहिजे.

उपचारांच्या प्रकरणात फ्रॉइड यांच्यावर फार अडकून राहू नकोस. त्यांचं ऋण मोठं आहे, पण परीक्षेपुरतं वाच आणि पुढे सरक. अल्बर्ट एलिस मात्र नीट वाच, आणि मराठीत वाच. मुंबईच्या कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून त्यांचा विवेकनिष्ठ मानसोपचार आपल्याकडे रुजवला, आणि ठाण्यात १९९० साली आयपीएच ही संस्था सुरू करणाऱ्या डॉ. आनंद नाडकर्णींनी तो घराघरांत नेला. एलिस यांचं म्हणणं असं, की घटना आणि आपली अवस्था यांच्या मध्ये आपण स्वतःशी बोललेलं एक वाक्य असतं. ‘मी पास व्हायलाच पाहिजे, नाहीतर मी कुचकामी’ हे ते वाक्य असेल तर पोटात गोळा येतो. ‘पास व्हावं असं मला फार वाटतं, नाही झाले तर वाईट वाटेल, पण मी संपत नाही’ असं म्हटलं तर काळजी राहते आणि अभ्यासही होतो. हे दुसऱ्याला सांगण्याआधी वर्षभर स्वतःवर करून बघ. आणि एक पथ्य पाळ: ज्याचं माणूस गेलंय, ज्याची नोकरी गेलीय, ज्या बाईला घरी मार बसतो, त्यांना ‘तुमच्या विचारात दोष आहे’ असं सांगायचं नाही. त्यांची परिस्थितीच वाईट आहे, आधी तिचं बघायचं.

भीती घालवायची जुनी आणि खात्रीची रीत मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये लिहून ठेवली. पीटर नावाचा छोटा मुलगा सशाला घाबरायचा. तो आवडीचं खात असताना त्यांनी ससा आधी लांब ठेवला आणि मग दिवसादिवसाने जवळ आणला. शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला. कुत्र्याला, लिफ्टला, फळ्यासमोर उभं राहायला घाबरणाऱ्या मुलांसाठी हीच रीत. पायरी छोटी ठेवायची, मुलाच्या संमतीने पुढे जायचं, आणि भीती जरा ओसरल्यावरच त्या दिवशीचं थांबवायचं. भीती शिगेला असताना पळ काढला की ती आणखी घट्ट होते. ‘भित्रा आहेस’ म्हणून एकदम पुढे ढकलणाऱ्या काकांना मधे पडून थांबव, हे तुझं काम आहे.

ऐकायचं कसं ते कार्ल रॉजर्स यांच्याकडून घे. समोरचा बोलत असताना उत्तर तयार करायचं नाही. ‘मला कळतं तुझं दुःख’ हे वाक्य पहिल्या भेटीत वापरायचंच नाही, कारण तेव्हा कळलेलं नसतं. त्याने सांगितलेलं आपल्या शब्दांत परत सांगून ‘असंच ना?’ विचारायचं. तो ‘नाही, तसं नाही’ म्हणाला तर बरंच झालं, आता तो खरं सांगेल. रडू आलं तर लगेच पाण्याचा पेला पुढे करून ते थांबवायचं नाही.

गोळ्यांबद्दल तुझं मत तयार होण्याआधी एक माहिती घे. नैराश्याच्या औषधाचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. मळमळ, अस्वस्थपणा हे मात्र पहिल्याच आठवड्यात जाणवतं. त्यामुळे माणूस आठव्या दिवशी गोळ्या बंद करतो आणि ‘उपयोग नाही’ असं गावभर सांगतो. हा क्रम त्याला पहिल्याच दिवशी सांगितला तर तो टिकतो. बरं वाटल्यावरही डॉक्टरांना न विचारता बंद करायच्या नाहीत, हे पेशंटइतकंच सोबतच्या माणसाला सांग. शॉक ट्रीटमेंटचं नाव काढलं की लोक हबकतात. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ती देण्यास कायद्याने बंदी आहे, हे त्यांना कळलं की निम्मी धास्ती उतरते. आणि तू स्वतः गोळी सुचवायची नाही, एकही नाही. ते काम मानसोपचारतज्ज्ञांचं. घरच्या माणसांवरही उपचार करायचे नाहीत. ऐकायचं, सोबत जायचं, पण उपचार दुसऱ्याने करायचे.

सुट्टीत पुण्याला आलीस तर मुक्तांगण बघून ये. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेलं ते व्यसनमुक्ती केंद्र. तिथे एके काळी पेशंट म्हणून आलेली माणसं आज दुसऱ्यांना उभं करण्याचं काम करतात. त्यांच्याशी बोल, प्रश्न कमी विचार.

प्रात्यक्षिकासाठी पहिल्यांदा इस्पितळात जाशील तेव्हा डॉक्टरांच्या टेबलाशेजारी खुर्ची मिळाली तरी आधी अर्धा दिवस बाहेरच्या बाकावर नातेवाइकांमध्ये बस. कोण कुठून पहाटेच्या एसटीने आलंय, कुणी मजुरी बुडवलीय, कोण पेशंटचा हात सोडत नाही, हे तिथे दिसतं. तिथलं काही घरी जेवताना सांगायचं नाही, नाव वगळूनसुद्धा नाही, कारण आपल्या तालुक्यात गाव आणि आडनाव यांपैकी एक कळलं तरी माणूस कळतो. आणि बाजारात, बसस्टँडवर पेशंट समोर आला तर आपण होऊन ओळख दाखवायची नाही. तो थांबला, हसला, तर आपणही थांबायचं. तो नजर चुकवून गेला तर जाऊ द्यायचं, आणि पुढच्या भेटीत त्याबद्दल काही विचारायचं नाही.